मळ्याच्या दारातली डोण

हे कुणी वाचेल असे धरून मी लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलेच तर आधी सांगून ठेवते, माझे अक्षर वाईट आहे. ओळ डावीकडे सरळ निघते आणि उजवीकडे पोचेपर्यंत उताराला लागते. ऱ्हस्वदीर्घाशी माझे शाळेतही जमले नव्हते आणि शाळा तर चौथीतच सुटली. त्या चुका पदरात घ्याव्यात. मिरचीच्या बाबतीत मात्र मी माफी मागणार नाही. त्यातले मला कळते.

हस्त लागला आहे. दुपारपर्यंत ऊन अंगाला चावते आणि मग अक्कलकोटच्या अंगाने आभाळ काळे होत येते. ढग खाली उतरले की गावातल्या गिरणीचा भोंगा आमच्या मळ्यात अगदी कानाशी वाजल्यासारखा वाजतो. रानात जोंधळ्याच्या पेरणीची घाई आहे. मी सकाळी मांडवाच्या तोंडाशी बसून ढबू मिरची निवडत होते. हात आपला चालला होता, मन दुसरीकडे. आणि एका मिरचीवर अंगठा थांबला. वरून ती मिरची हिरवीगार, तुकतुकीत, कुठे डाग नाही. पण देठाच्या टोपीखाली अंगठा टेकला तशी आतली कड सरकली, साखर पाण्यात बसते तशी. मी ती उचलून लांबच्या खड्ड्यात टाकली, राखेने हात कोरडे केले आणि पुन्हा बसले. एवढेच झाले. पण त्या एका मिरचीने मला उचलून त्या हस्तात नेऊन ठेवले, ज्या हस्तात आमची सुंद्रा घराबाहेर गेली होती.

आमचा मळा सोलापुराबाहेर, होटगीच्या वाटेला. माझे लग्न होऊन मी आले त्याआधी तिथे पानमळा होता. एका उन्हाळ्यात पानवेल मुळापासून गेले. मागे राहिली ती वेलांना आधार दिलेली शेवरी-पांगाऱ्याची झाडे, वरचा गवताचा मांडव आणि चारी बाजूंच्या तुराट्यांच्या उंच ताट्या. एवढी सावली फुकट कशी घालवायची म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून ढबू मिरचीचे बी आणले. सोलापूरच्या उघड्या रानात ही मिरची टिकत नाही, तिच्या गालावर ऊन डाग देते. पण त्या मांडवात ती अशी मानवली की बघत राहावे. बाहेरून आत शिरले की ओल्या लुगड्याखाली शिरल्यासारखे वाटे. उजेड हिरवा, वारा जागचा हलत नसे, आणि पानांच्या आड मिरच्या कशा, दिवाळीच्या कंदिलासारख्या एकेक टांगलेल्या.

वेल गेले, पण वेलांचे सोवळे मागे राहिले. पानमळ्यात वहाण घालून जायचे नाही. कावळा शिवलेल्या बाईने तर ताट्यांच्या सावलीलाही उभे राहायचे नाही. आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने दारातल्या डोणीत हात बुडवून, पायांवर पाणी घेऊन मगच आत पाऊल टाकायचे. ती डोण म्हणजे काळ्या दगडाची, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. मामंजींच्या वडिलांनी बसवलेली. तिच्या कडेला हळदीकुंकू असायचे. अमावस्येला ती उपसायची, घासायची आणि पुन्हा भरायची. मधल्या दिवसांत पाणी कमी झाले तर वरून घागर ओतायची, पण उपसायची नाही. तोडलेली मिरचीही टोपल्यासकट त्याच डोणीत बुडवून काढायची. धूळ जायची, झळाळी यायची. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "न्हालेली मिरची बाजारात नवरीवानी उठून दिसती."

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या बाजारात बसायच्या. आवाज असा की त्यांनी भाव सांगितला तर चार ओळी पलीकडच्या बायका आपला भाव बदलत. मी नेमकी उलटी. घरात पाहुणा आला तर मी चुलीच्या धुरात जाऊन बसणारी. पहिल्या वर्षी त्यांनी मला मांडवाशी बसवले, म्हणाल्या, "डोळं मीट." मी मिटले. हातात एक मिरची ठेवली. "सांग, हिला काय झालंय?" मी ती नुसती चाचपत राहिले. "तुजं त्वांड बोलत न्हाय ते ऱ्हाऊ दे. बोटं तरी बोलू देत की!"

तशी माझी बोटे बोलायला शिकली. उन्हाने भाजलेली मिरची एका गालावर पांढरी होते, हाताला वाळल्या सालीसारखी खरखरीत लागते. करपा आला तर डाग खोलगट, त्यात एकात एक अशी काळी वर्तुळे, बोट फिरवले की कडा लागतात. बुडाला पाणी कमी पडले तर शेंडा चामड्यासारखा होतो, पण कोरडाच राहतो. अळीने पोखरलेली असेल तर कुठेतरी बारीक भोक आणि आत भुगा. आत्याबाईंना हे सगळे डोळे मिटून यायचे. बाजारातली माणसे मिरची दाबून बघतात, त्या नुसती उचलून बघायच्या. त्यांचे हे शिकवणे माझ्या अंगात इतके मुरले आहे की आजही काळोखात पाट्यावर वाटण करताना हातात आलेली मिरची कशी आहे ते मला आपोआप कळते. आईने जन्म दिला, पण बोटे आत्याबाईंनी दिली असे मी म्हणते.

सुंद्रा माझी धाकटी जाऊ. होटगीची. तिचा बाप रेल्वेत सांधेवाला, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घालणारा. ती शेजारणीशी कानडीत भांडायची आणि मराठीत हसायची. मला अक्का म्हणायची. चालणे तिला माहीत नव्हते, ती पळायचीच. तिच्या बांगड्यांच्या आवाजावरून ती मळ्यात कुठे आहे ते मला बसल्या जागी कळे.

त्या साली पोळ्यापासून आभाळ उघडले नाही. पाऊस थोडाच, पण ढग मात्र मांडवाला टेकलेले. ताट्या आतून घामेजल्या. पहिली मिरची सुंद्रानेच पाहिली. "अक्का, हितं ये गं! हिच्यात कुनी पाणी भरलंय बग."

झाडाला एक हिरवी पिशवी लोंबत होती. साल अखंड, आत सगळे पाणी. सुंद्राने बोट लावले तशी ती फुटली आणि तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ गेला. वास आला, तो मला ओळखीचा होता. ओढ्याच्या डबक्यात अंबाडी कुजत घालतात आणि दोर सुटा व्हायला लागतो, तेव्हाचा. आम्ही दोघी नाकाला पदर लावून हसत सुटलो. तिने डोणीत हात धुतला आणि पुन्हा तोडायला लागली.

हसण्याचे दिवस थोडेच होते. पिशव्या वाढत गेल्या. मी त्या रोज न्याहाळू लागले, कारण ही नासाडी आत्याबाईंच्या शिकवणीत नव्हती. हिला डाग नाही, वर्तुळ नाही, बुरशीचा कापूस नाही. सुरुवात बहुतेक देठाच्या टोपीखालून. तिथली कड तेल सांडल्यासारखी काळपट, ओलसर दिसायची. मग एका रात्रीत गर पाणी होऊन जायचा आणि साल नुसती धरून असायची. शेवटी साल फाटून पाणी गळायचे, आणि दोन उन्हे मिळाली की सापाच्या कातीसारखा एक पातळ पापुद्रा झाडाला राहायचा. झाडावर एक नासायची, पण टोपलीत तर बघवत नव्हते. सकाळी न्हाऊन नवरीसारखी गेलेली मिरची संध्याकाळी बाजारात पाणी सोडायची.

आमचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे बंगल्यावरचा म्हातारा खानसामा. तो मळ्यावर आला तोच ओरडत. "अम्मा, मिर्ची दिये थे की पानी? टोकरी खोल्या तो सब की सब रो रई थीं! मेमसाब मेरेपे चिल्लाई, मैं किसपे चिल्लाऊँ?"

"मंग मलाच वरडा," आत्याबाई म्हणाल्या, "आनी काय!" पण त्या रात्री त्यांना भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना समोर उभे केले. "पानमळा असाच जातो. कुनीतरी बाटवलाय. खरं सांगा, कावळा शिवल्यावर आत कोन शिरली?"

मी मान हलवली. सुंद्राने मान वर केली. "मी शिरली हुती. वासरू आत घुसून झाडं तुडवीत हुतं. घरात कुनी न्हवतं. मग काय बघत बसू?"

ती खोटे बोलली असती तर कुणाला कळले नसते. पण खोटे बोलायलाही थांबावे लागते, आणि तिला थांबणे ठाऊक नव्हते.

मामंजींनी होटगीला निरोप धाडला. तिचा बाप आला, रेल्वेची निळी टोपी हातात धरून. बारीक, वाकलेला, बोलताना आधी खाली बघणारा माणूस. त्याला पाहून मला वाटले, हा माझ्याच जातीचा, लाजाळूंच्या. आत्याबाई म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं भरला मळा नासवला. ह्या हंगामाचं भरून द्या. न्हायतर थोरलं घर हाय आमचं, पोराला दुसरी मिळंल."

त्याने वाद घातला नाही. कंबरेचे पैसे सोडून ठेवले, उरलेले चार दिवसांनी आणून दिले. ते कुठून आणले असतील ते त्याच्या बायकोच्या मोकळ्या हातांवरून सुंद्राला पुढे कळले. पैसा घेतल्यावर आत्याबाई जरा नरमल्या, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तिला आता. मळ्याच्या बाजूला फिरकू नको म्हंजे झालं."

पण सुंद्रा बापाच्या मागे जाऊन उभी राहिली होती. "मी ऱ्हात न्हाय. माज्या बापाचा पैसा पुरता परत जाईस्तवर ह्या उंबऱ्यात पाय ठेवायची न्हाय." आणि गेली. धाकटे भाऊजी, तिचा नवरा, बैलाचे दावे हातात धरून गोठ्यात तसेच उभे होते. मोहोळकडच्या कुणा मुलीचे नाव घरात दबक्या आवाजात निघू लागले, तेव्हाही ते तसेच उभे राहत. बोलायला माझ्या हातात काही नव्हते. मळ्यात मात्र बांगड्यांचा आवाज नव्हता, आणि तो नसणे मला दिवसभर ऐकू येई.

ती गेली तर नास थांबायला हवी होती. ती दुप्पट झाली. आत्याबाई म्हणाल्या, दोष लागलाय, उतरायला वेळ लागेल. त्यांनी सोवळे वाढवले. आता आत जाताना हात बुडवायचा आणि मध्येच बाहेर येऊन पुन्हा बुडवायचा. प्रत्येक झाडावर डोणीतल्या पाण्याचा शिंतोडा द्यायचा. माणसे ओल्या हातांनी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जात होती, आणि त्यांच्या मागोमाग पिशव्या लोंबत होत्या. आज हे लिहिताना मला त्यात एक रेघ दिसते. तेव्हा नुसती माणसे दिसत होती.

खानसामा मात्र येत राहिला. मेमसाहेबाला ती मिरची हवीच असे. एकदा तो ताटीपलीकडे उभा राहून म्हणाला, "अम्मा, ये नहलाई-धुलाई मेरेकू नक्को. पानी का वजन तुम लेव, मेरेकू सूखी मिर्ची देव." आत्याबाई चिडल्या, पण त्याच्या फडक्यात झाडावरून थेट मिरची टाकून दिली. पुढच्या खेपेला तो हसत आला. "अब कैसी बात की! चुल्हे के बाजू में पड़ी थी, तो बी कड़क की कड़क!" आत्याबाईंनी ते स्तुती म्हणून घेतले. मी ताटीच्या आत बसले होते. मी ते मनात ठेवून घेतले.

मग माझी बाजूला बसायची पाळी आली. गोठ्याला लागून एक पडवी होती, तिथे ते दिवस काढायचे. हाताला काम नाही, कुणाशी बोलणे नाही. मला त्याचा कधी त्रास वाटला नाही, खरे सांगायचे तर विसावाच वाटे. आत्याबाईंनी नासक्या मिरच्यांची टोपली काठीने माझ्याकडे सरकवली. "नासलेलीच हायती. तुज्या हातानं आनकी काय नासनार? त्यातली गुरांपुरती निवड."

मी निवडू लागले. त्या ढिगात काही मिरच्या अजून टणक होत्या. त्या मी जुन्या धडुत्याने पुसून कोरड्या केल्या आणि कडब्यावर एकमेकींना न चिकटता मांडल्या. काही तशाच ओल्या टोपलीत ठेवल्या. उजाडल्यावर पाहिले तर टोपलीतल्या पाणी सोडत होत्या, आणि कडब्यावरच्या टणक. माझ्या हाताच्या, बाजूला बसलेल्या बाईच्या हाताच्या, आणि टणक.

ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे. कोडे सुटायच्या आधी येतो तो.

पडवीच्या कुडाला बाभळीच्या काट्या लावलेल्या होत्या. त्यातला एक काटा मोडला, नासक्या पाण्यात बुडवला आणि एका चांगल्या मिरचीच्या खांद्यात टोचला. दुसरीला कोरा काटा टोचला. तिसरीला काटा न टोचता नुसते ते पाणी चोळले आणि वाऱ्याला ठेवली. लहानपणी आई विरजण लावायची तेव्हा मी अशीच भांड्याभोवती घुटमळायची. पहिली मिरची दुसऱ्या दिवशी काट्याभोवती मऊ पडली आणि संध्याकाळी पिशवी झाली. कोऱ्या काट्याची जखम सुकली. नुसती चोळलेली जशीच्या तशी.

म्हणजे ही नास विरजणासारखी लागते. आणि तिला आत जायला दार लागते. अळीचे भोक असेल, नखाचा ओरखडा असेल, नाहीतर देठ मोडल्याची ओली जागा. आम्ही तर प्रत्येक मिरचीचा देठ मोडतो आणि मोडल्याबरोबर तिला बुडवतो. कशात? नासकी मिरची धरलेले सगळे हात ज्यात धुतले गेले त्यात. वासराच्या मागे धावलेल्या सुंद्राचे पाय त्यात कुठेच नव्हते. तेव्हा मला पडवीत बसल्या बसल्या ती डोण स्पष्ट दिसली.

आता हे बोलायचे कसे? न्हाऊन घरात आल्यावर मी ओट्यावर आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले. मामंजी पलीकडे मोटेचा नाडा वळत होते, भाऊजी उंबऱ्यात. मी म्हटले, "आत्याबाई, डोळे मिटा."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांना कधी ऊठ-बस म्हटले नव्हते. पण त्यांनी मिटले. मी हातात मिरची ठेवली.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. "कालच्या तोडणीची."

"तुम्ही पडवीत सारलेल्या टोपलीतली आहे. मी बाजूला बसले तेव्हापासून माझ्याच हातात आहे."

त्यांनी ती अंगाला विंचू लागावा तशी फेकली आणि हात लुगड्याला पुसला. मग खाली पडलेल्या मिरचीकडे पाहिले. बाजारात आयुष्य काढलेल्या बाईला चांगला माल मातीत पडलेला बघवत नाही. त्यांनी ती उचलली, फुंकली, पुन्हा दाबून पाहिली.

मग मी सगळे सांगितले. काट्याचे, विरजणाचे, खानसाम्याच्या कोरड्या मिरचीचे. इतके मी त्या घरात आल्यापासून सगळे मिळून बोलले नव्हते. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "डोणीला नावं ठेवतीस? माज्या सासऱ्यानं बशीवली ती. तिच्यावर पानमळा जगला."

"डोणीला नाही, तिच्यातल्या पाण्याला. पानाला त्याने काही झाले नसेल. ही मिरची आहे."

"आन ही तुज्या हातची मिरची टिकली, म्हंजे इटाळ खोटा?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "मिरचीचे मला ठाऊक आहे."

भाऊजी उंबऱ्यातून उठले, गोठ्यात गेले आणि ओल्या मिरचीची एक टोपली आणून आईच्या पुढ्यात ठेवली. "वहिनी म्हनती तसं तू कर. तुज्या हातानं. काटा मी आनतो." आत्याबाईंनी खरेच केले. दोन दिवस त्या मिरच्यांवर त्यांनी सूप झाकून ठेवले, कुणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या सकाळी सूप उचलले तर कोऱ्या काट्याच्या मिरच्या टणक, नासक्या काट्याच्या पिशव्या झालेल्या, आणि वास घरभर पसरला. मामंजींनी नाडा खाली ठेवला आणि म्हणाले, "एक तोडणी कोरडी करून बघू."

ती कोरडी तोडणी मला सणासारखी आठवते. दव उडेपर्यंत कुणी आत गेले नाही. हातांना पाणी नाही, राख. चांगल्या झाडांवरून आधी फिरायचे. नासक्या मिरच्यांना हात लावायचा तो शेवटी आणि एकट्या मी. त्या लांब नेऊन चुन्याखाली गाडायच्या. वाऱ्याच्या बाजूच्या दोन ताट्या मामंजींनी काढल्या. आत्याबाई कळवळल्या, "उघड्या मळ्याला नजर लागंल!" मामंजी म्हणाले, "लागू दे नजर. तिच्यासंगं वारं बी लागंल." मांडवात पहिल्यांदा पाने हलली. पानांचा तो आवाज मला नवा होता.

नास एका दिवसात गेली नाही. पुरती संपली असे तर मी आजही म्हणणार नाही. ढगाळ दिवसांत एखादी पिशवी लोंबतेच, आजच्या सकाळसारखी. पण टोपली रडायची थांबली. खानसामा मेमसाहेबाच्या मैत्रिणींसाठीही नेऊ लागला. आत्याबाई आपण चुकलो असे कधी म्हणाल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी डोण उपसली, गड्यांकडून पालथी घातली, आणि अमावस्येला तिच्या पाठीवर हळदीकुंकू वाहिले. आजही वाहतात. मी बाजूला बसायचे सोडले नाही, त्यांनीही तो नेम मोडला नाही. फक्त मळ्यात कुठे नास दिसली तर पूर्वी त्या 'कोन शिरली' असे विचारत, आता विचारतात, 'कुनाचं हात वलं हुतं?' मला वाटते, माणसाला एवढे बदलता आले तरी पुष्कळ झाले.

पण होटगीचा पैसा तोवर खर्ची पडला होता, मोटेच्या चामड्यात आणि घरखर्चात. तो पुन्हा मिरचीतूनच उभा करायचा होता. अर्धा झाल्यावर भाऊजी घेऊन गेले, मनात हे की बायको बरोबर येईल. रिकाम्या गाडीने परतले. सुंद्राने पैसा ठेवून घेतला आणि नवऱ्याला परत लावून दिले. तिचा बाप म्हणत होता, उरलेले राहू द्या. ती म्हणाली, "माज्या आईच्या पाटल्या राहू दे म्हनून परत येत्यात व्हय?"

आत्याबाईंनी ऐकले आणि कपाळावर हात मारला. "लई ताठ हाय बया!" पण मोहोळच्या मुलीचे नाव त्या दिवसापासून कुणी काढले, तर त्याच म्हणत, "गप बसा. आमची सून म्हायेरी गेलीया."

थंडीत मिरची बहरली. संक्रांत झाली आणि उरलेली रक्कम जुळली. आत्याबाई म्हणाल्या, ह्या खेपेला मी जाती, आणि थोरलीला घेती. मामंजींनी गाडी जुंपली. रुळांच्या कडेला रेल्वेच्या खोल्या होत्या, काळ्या धुराने माखलेल्या. सुंद्रा दारात हाताची घडी घालून उभी. मला पाहून तिचा ओठ हलला, पण हसली नाही. आत्याबाईंनी बाजेवर फडके सोडले. "मोजून घ्या," त्या म्हणाल्या.

तिचा बाप जमिनीवर बसून मोजू लागला. एकेक नाणे उचलून, ओठ हलवत. निम्म्यावर आला आणि लांब शिट्टी झाली. तो तसाच उठला, निशाण काखेत मारून रुळांकडे पळाला. आम्ही सगळे त्या नाण्यांभोवती बसून राहिलो. मालगाडी खडखडत गेली, बाजेवरची नाणी थरथरली. तो परत आला, हात पुसले, मोजलेली सगळी नाणी पुन्हा ढिगात मिसळली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"अवो, मगाशी जितं सोडलं तितनं मोजा की!" आत्याबाई म्हणाल्या.

"न्हाय बाई," तो खाली बघतच म्हणाला, "सांधा आन पैसा, मधनं धरला की घोटाळा हुतो."

मला हसू आले, ते मी पदरात घेतले. सुंद्राने माझ्याकडे पाहिले, आणि तिनेही घेतले.

त्याने शेवटचे नाणे ठेवले. "पुरं हायती."

"समदे?" सुंद्राने विचारले.

"समदे."

ती आत गेली, गाठोडे घेऊन बाहेर आली आणि थेट गाडीत चढली. आत्याबाई आधीच मधोमध बसल्या होत्या.

"सरका की, आत्याबाई," ती म्हणाली.

आत्याबाई सरकल्या.